पाटा कोणी तोडला?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील तळवली नाक्यापासून औद्योगिक वसाहतीच्या बाजूला थोडे आत गेले की रस्त्याच्या कडेने मालमोटारींची रांग लागलेली दिसते. काही भाड्याची वाट पाहत असतात, काही दुरुस्तीची. पावसाळा संपता संपता अशाच एका जुन्या सहाचाकी मालमोटारीपाशी मला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबावे लागले. गेलो होतो तो एका मदतनीस मुलाच्या नुकसानभरपाईच्या कागदांसाठी. घणाचा घाव चुकून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि त्याच्या वतीने साक्ष देणारा मिस्त्री गाडीखाली होता. तो बाहेर येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. थांबलो म्हणून जे पाहिले ते येथे मांडत आहे; कारण मालवाहतुकीविषयीच्या आपल्या चर्चेत डिझेलचा भाव येतो, पथकर येतो, विम्याचा हप्ता येतो; गाडीखाली पाठ टेकून काम करणारा माणूस मात्र सहसा येत नाही.

गाडी सतरा वर्षांची होती. मागच्या बाजूला डावीकडे झुकलेली. चालकाचे म्हणणे असे की, गेले पंधरा दिवस ती सरळ रस्त्यावरही तिरकी चालते आणि मागचे टायर एका कडेने खाल्ले जातात. मिस्त्रीने खाली वाकून पाहिले आणि एका वाक्यात निदान केले, “दुसरा पाटा गेला, बुश गेले, पिन गेली.”

ज्यांनी मालमोटारीची मागची बाजू कधी खालून पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. गाडीची चासी आणि मागचा आस, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत एक्सल, यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांचा एकेक जुडगा असतो. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे आणखी पाटे असतात आणि मधोमध सगळ्यांना ओवणारा एक सेंटर बोल्ट असतो. हा सारा जुडगा यू-बोल्टांनी आसावर आवळलेला असतो. पुढचा डोळा चासीच्या ब्रॅकेटमध्ये पिनेने अडकवलेला. मागचा डोळा शॅकलमध्ये झुलता, कारण भार आला की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते, त्या वाढीला वाट हवी. पिन आणि डोळा यांच्यामध्ये बुश असते. ग्रीस मिळत राहिले तर ते टिकते. ग्रीस चुकले, चिखल शिरला, की बुश लांबट झिजते, पिन खिळखिळी होते, आस जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते.

हे सारे काम भाराखालचे आहे. भार जास्त झाला की पाटे दर खड्ड्याला मर्यादेबाहेर वाकतात. पोलाद एका दिवसात तुटत नाही, ते थकत जाते. यू-बोल्ट सैल पडले असतील तर पाटा नेमका मधोमध, सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी तुटतो. एक तुटला की त्याच्या वाट्याचा भार इतरांवर येतो आणि मग त्यांची पाळी लागते. संघटनेत वावरणाऱ्या कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मिस्त्रीने काम कसे केले तेही सांगितले पाहिजे, कारण श्रमाचे मोल बोलायचे तर श्रम आधी पाहावे लागतात. पुढच्या चाकांना दगड लावले. मागची बाजू जॅकवर उचलून चासीखाली लोखंडी घोडी दिली. दुसरी घोडी नव्हती म्हणून दुसऱ्या बाजूला लाकडाचे ठोकळे रचले. चाके काढली. आसाला स्वतंत्र जॅकचा आधार दिला. यू-बोल्टांच्या चाव्या गंजून एकजीव झालेल्या. त्या गॅसने कापाव्या लागल्या, आणि कापताना जवळच्या ब्रेकच्या नळीवर ओले पोते धरायला एक माणूस उभा राहिला. पिन घणाने ठोकून काढायला दीड तास गेला. मग अंगावर घेऊन तो जड जुडगा खाली उतरवला. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाटे शिकंज्यात आवळले, कारण दाबलेले पाटे एकदम उसळले तर हाताचे हाड राहत नाही. दुसरा पाटा मधोमध दुभंगलेला होता. मुख्य पाट्याच्या डोळ्यालाही बारीक तडा होता. दोन्ही नवे घेतले. बाकीच्यांचा बाक उतरलेला होता. ते पाटेवाल्याच्या भट्टीवर पाठवले.

येथे मिस्त्रीने एक गोष्ट मला मुद्दाम दाखवली. शेजारच्या गाडीचा पाटा रस्त्यातच गॅसने तापवून वाकवला होता. “याचं पाणी उतरलंय,” तो म्हणाला. “दिसतो पाटा, पण पाटा राहिला नाही. महिनाभरात पुन्हा बसणार.” कमानीचे पोलाद ठराविक उष्णतेपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. त्यामुळे त्याला लवचिकपणा येतो. कसेही तापवले की तो जातो. हे ज्ञान त्याने कोणत्याही शाळेत मिळवलेले नाही. तेरा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राबून मिळवले आहे. त्याच्यापाशी त्याचे कोणतेही प्रमाणपत्र नाही, आणि म्हणून सरकारी भाषेत तो अकुशल आहे.

दुपारी मालकाचा फोन आला. डाव्याच बाजूचे बुश बदला, उजवीकडचे पुढच्या खेपेला पाहू, असा त्याचा निरोप होता. मिस्त्रीने नकार दिला. त्याचे म्हणणे सरळ होते: “एका पायात नवा जोडा आणि दुसऱ्यात फाटका घालून चालता येईल, पळता येणार नाही.” बऱ्याच घासाघिशीनंतर दोन्ही बाजूंचे बुश आणि पिना बदलण्याचे ठरले. मग चालक हळूच म्हणाला, “मिस्त्री, तेवढा एक पाटा जादा चढवा.”

सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

जादा पाटा चढवला म्हणजे गाडी झुकत नाही. झुकत नाही म्हणून भरणाऱ्याला आणखी भरता येते. परंतु आस तोच, त्याचे हाऊसिंग तेच, टायर तेच, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक तेच. पाट्याने पेलला नाही तो धक्का आता चासीवर जातो, आणि चासीला तडा गेला की तो गॅसच्या डागाने बुजवला जातो. गाडीची ताकद वाढलेली नसते. ती कमी पडते आहे हे सांगणारी खूण तेवढी झाकलेली असते. चालकाला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याने मला शांतपणे सांगितले की, नोंदणीपुस्तकात गाडीचे एकूण वजन सोळा टन दोनशे किलो आहे, आणि गेल्या खेपेला काट्यावर ते बावीस टन भरले होते. मग भरू का दिले, असे विचारले तेव्हा तो हसला. “दादा, मी नाही म्हटलं तर मागं चार गाड्या उभ्या आहेत.”

भार ठरवणारा चालक नाही, आणि बऱ्याचदा मालकही नाही. या गाडीचा मालक जवळच्याच गावठाणातला. त्याच्या आजोबांची भातखाचरे वसाहतीत गेली. साठच्या दशकात या पट्ट्यात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहू लागली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथला शेतकरी लढला. जानेवारी १९८४ मधील आंदोलनात जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. ज्याची शेती आणि मिठागरे गेली, त्यांतल्या अनेकांनी हाती आलेल्या पैशांतून आणि कर्जातून मालमोटार किंवा डंपर घेतला. कारखान्यांचा माल, पारसिकच्या डोंगरातली खडी, पुढे १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराची वाहतूक, यांवर त्यांची चूल पेटली. शेताचा मालक गाडीचा मालक झाला. परंतु शेतात काय पेरायचे हे तो ठरवत होता, गाडीत किती भरायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला नाही.

या देशातील मालमोटारींचा फार मोठा हिस्सा एक ते पाच गाड्या असणाऱ्या अशा छोट्या मालकांकडे आहे. त्यांच्या आणि माल पाठवणाऱ्याच्या मध्ये दलाल असतो, कधी दोन असतात. भाडे टनावर ठरते. कर्जाचा हप्ता, विमा, पथकर आणि डिझेल यांना टनाची पर्वा नसते. ते गाडी रिकामी असली तरी द्यावेच लागतात. परतीचे भाडे मिळेल याची खात्री नसते. अशा स्थितीत नियमाइतका माल भरून खेप केली तर पदरात काही पडत नाही आणि सहा टन जादा भरला तर हप्ता भागतो. जादा भार हा मालकाचा लोभ आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. भाड्यात जो पैसा कमी दिला जातो, तो शेवटी पाट्यातून, टायरातून, रस्त्यातून आणि माणसाच्या हाडांतून वसूल होतो. माल पाठवणाऱ्याच्या ताळेबंदात मात्र तो ‘वाहतूक खर्चातील बचत’ म्हणून दिसतो.

शासनाने या प्रश्नाशी कसा व्यवहार केला तेही पाहण्यासारखे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने वजनाची मर्यादा घातली. तरीही काही राज्ये ठराविक रक्कम घेऊन जादा भाराचे परवाने, कार्डे वाटत राहिली, म्हणजे गुन्ह्याचा मासिक पास विकत राहिली. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात हा व्यवहार बेकायदा ठरवला आणि दंड भरला तरी जादा माल उतरवलाच पाहिजे असे बजावले. यानंतर अंमलबजावणी कडक व्हायला हवी होती. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, जोड-आसाची १९ वरून २१ टन, आणि दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन. तळवलीच्या चालकाने मिस्त्रीकडे जे मागितले होते, तेच राष्ट्रीय पातळीवर झाले. जादा पाटा चढवला गेला.

या वाढीमागे काहीच तर्क नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या गाड्यांची बांधणी भक्कम आहे, टायर सुधारले आहेत, इतर देशांत मर्यादा अधिक आहेत, आणि कमी फेऱ्यांत जास्त माल गेला तर डिझेल वाचते, हे युक्तिवाद खरे आहेत. परंतु रस्ता नवा होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात प्रत्यक्ष गाड्या चालवून रस्त्यांच्या झिजेची मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून निघालेला ठोकळ नियम जगभरचे अभियंते आजही वापरतात: आसावरचा भार ज्या पटीने वाढतो, त्याच्या चौथ्या घाताने रस्ता झिजतो. आसावर दीडपट भार टाकला की झीज पाचपट होते. १०.२ चे ११.५ टन केले, तर कायद्याच्या चौकटीत राहूनही एका आसामागची झीज सुमारे १.६ पट होते. तो उखडलेला रस्ता पुन्हा पाट्यावर आदळतो. भाराने रस्ता खचतो, खचलेल्या रस्त्याने पाटा तुटतो, तुटलेल्या पाट्याच्या खर्चासाठी पुन्हा भार वाढवावा लागतो. या चक्रात सापडलेला माणूस स्वतःच्या इच्छेने त्यातून बाहेर पडू शकत नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून दंड वाढला. पूर्वी दोन हजार रुपये आणि जादा टनामागे एक हजार असा होता. तो वीस हजार आणि टनामागे दोन हजार झाला. तळवलीची ती गाडी सहा टन जादा घेऊन पकडली गेली असती तर बत्तीस हजार रुपयांचा दंड झाला असता. आता पाहा: कायद्याच्या १९४ व्या कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी चालवण्यास भाग पाडणारा किंवा तशी चालवू देणारा यांनाही दोषी धरण्याची तरतूद आहे. शब्द कागदावर आहेत. प्रत्यक्षात दंड रस्त्यावर पकडलेल्या गाडीचा होतो. ज्या फाटकातून ती भरून बाहेर पडली, त्या फाटकापर्यंत तपासनीस क्वचितच जातो. आणि जेवढा दंड मोठा तेवढी तो चुकवण्याची किंमतही मोठी, हे काय वेगळे सांगायला हवे? शिक्षेचा आवाका वाढवण्याची घाई चालकाच्या बाबतीत मात्र दिसते. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम स्थगित ठेवावे लागले. बावीस टनांची गाडी सोळा टनांच्या ब्रेकवर वेळेत थांबली नाही, तर तुरुंगात कोणी जावे, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी विचारला नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ही सरकारचीच आकडेवारी आहे.

आता आणखी एक उपाय सुचवला जातो: जुन्या गाड्या मोडीत काढा. मार्च २०२१ मध्ये संसदेत मोडीचे धोरण जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील जड मालमोटारीच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क दीड हजारांच्या आसपास होते ते साडेबारा हजार करण्यात आले. धुराचा विचार करता जुनी गाडी जावी हे मान्य केले पाहिजे. आपल्या हवेवर कामगार वस्त्यांतील मुलांचाही हक्क आहे. परंतु पाटा वयाने तुटत नाही, भाराने तुटतो. नव्या गाडीवर मोठे कर्ज, कर्जाचा मोठा हप्ता आणि हप्त्यासाठी तोच जादा माल, असे झाले तर दोन वर्षांत नव्या गाडीचाही मिस्त्रीशी परिचय होईल. शिवाय मोडीत निघालेल्या गाडीबरोबर तिचा छोटा मालक आणि रस्त्याकडेचा मिस्त्री हेही मोडीत निघणार असतील, तर त्यांचे पुढे काय, याचे उत्तर धोरणात असले पाहिजे. शुल्क वाढवणे म्हणजे ते उत्तर नव्हे.

गाडीखालच्या माणसांकडे वळू. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा होता. त्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. एक गाडी, एक चालक, एक क्लीनर अशा धंद्याला त्याचा स्पर्शही झाला नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये तो विलीन झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. तिच्यात पाचाचे दहा झाले. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठीची १० कामगारांची अट २० वर गेली. म्हणजे जे कायद्याच्या बाहेर होते ते बाहेरच राहिले, आणि जे उंबरठ्यावर होते तेही बाहेर गेले. दोन माणसांचे रस्त्याकडेचे गॅरेज कोणत्याही तपासनिसाच्या वहीत नाही. तेथे दुसरी घोडी का नाही, असे विचारणारा कोणी नाही. ज्या मुलाच्या बोटांसाठी मी तेथे गेलो होतो, त्याला ‘तू येथे कामाला होतास’ एवढेच सिद्ध करण्यासाठी एका मिस्त्रीची साक्ष लागत होती.

आणि हे असेच असते असे समजण्याचे कारण नाही. याच महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाच्या आगारांत गाडीखाली उभे राहून काम करता यावे म्हणून खड्डे बांधलेले आहेत. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. पाटे कधी तपासायचे याचे वेळापत्रक असते. त्या व्यवस्थेची आज किती दैना झाली आहे हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु दुरुस्ती हे सार्वजनिक सुरक्षिततेचे काम आहे, ते पगारी, प्रशिक्षित कामगाराने छताखाली करायचे असते, हे तत्त्व तिने घालून दिले. रस्त्यावरून धावणारी एसटी आणि तिच्या शेजारून धावणारी मालमोटार यांचा रस्ता एकच आहे. मग हे तत्त्व एकीला लागू आणि दुसरीला नाही, हे कसे?

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे आहे. ज्या मालमोटारीची ही कथा, तीत माल चढवणारा-उतरवणारा हमाल एके काळी असाच मालक नसलेला कामगार होता. आज या व्यापाऱ्याचे, उद्या त्या व्यापाऱ्याचे ओझे; मालक कोण, हेच ठरत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारांत माथाडींना संघटित केले, पुण्यात बाबा आढावांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याची युक्ती साधी पण मूलगामी होती. मालक एक नाही ना, मग सगळे व्यापारी मंडळात नोंदवा, मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरायला लावा, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार द्या. हे बाजार पुढे वाशी-तुर्भ्याला आले, म्हणजे तळवलीपासून हाकेच्या अंतरावर. मंडळांत भ्रष्टाचार शिरला, बोगस नोंदी झाल्या, हेही खरे. ते दोष काढलेच पाहिजेत. पण विखुरलेल्या श्रमिकालाही कायद्याचे छत देता येते, हे त्याने सिद्ध केले.

त्याच हमालांनी आणखी एक लढा दिला होता: शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्याचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हाताने वाहायच्या कमाल वजनाविषयी १९६७ मध्ये करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. माणसाच्या मणक्यावर किती भार टाकावा हे पोते भरणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, एवढेच त्या लढ्याचे म्हणणे होते. मालमोटारीच्या पाट्याविषयीचे म्हणणे याहून वेगळे नाही.

म्हणून मागण्या नेमक्या मांडल्या पाहिजेत. पहिली, भार तेथे तोला जेथे तो भरला जातो. कारखाना, बंदरातील गोदाम, खडीची खाण या ठिकाणी काटे असतातच. वजनाच्या पावतीशिवाय गाडी फाटकाबाहेर पडता कामा नये आणि त्या पावतीवर माल पाठवणाऱ्याची सही असली पाहिजे. दुसरी, जादा भाराचा दंड प्रथम माल पाठवणाऱ्यावर आणि दलालावर बसला पाहिजे. ही कल्पना स्वप्नातली नाही. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू झालेल्या जड वाहनांच्या कायद्यात माल पाठवणारा, भरणारा आणि वाहतूक ठरवणारा या साऱ्यांवर जबाबदारीच्या साखळीचे तत्त्व बसवलेले आहे. तिसरी, माथाडी मंडळाच्या धर्तीवर चालक, क्लीनर आणि मिस्त्री यांचे मंडळ स्थापन करावे. प्रत्येक खेपेमागे माल पाठवणाऱ्याकडून लेव्ही घ्यावी. चौथी, ट्रक टर्मिनलांत छपराची, खड्ड्याची, दाबयंत्राची आणि पुरेशा घोड्यांची सार्वजनिक दुरुस्तीशाळा असावी, ती मिस्त्रींच्या सहकारी संस्थेने चालवावी, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने त्यांची परीक्षा घेऊन त्यांच्या कौशल्याला प्रमाणपत्र द्यावे.

या मागण्यांना कोणी विचारील की, भाडे वाढले तर भाजी महागेल, सिमेंट महागेल, त्याचे काय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देऊ नये. काही प्रमाणात महागेल. परंतु ती किंमत आजही दिली जातेच आहे. रस्त्याच्या दुरुस्तीसाठी करातून, अपघातात कमावता माणूस गमावणाऱ्या घरातून, आणि दोन बोटे गेलेल्या मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कमाईतून. प्रश्न ती द्यायची की नाही हा नसून कोणी द्यायची हा आहे. ज्याचा माल, त्याने द्यावी, हे म्हणणे काही अतिरेकी नव्हे.

कार्यकर्त्यांसाठी येथे करण्यासारखे काम आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आपल्यापैकी अनेक जण कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेत आले. त्याच फाटकातून भरून निघणाऱ्या गाडीकडे आपण ‘मालकाची गाडी’ म्हणून पाहिले आणि तिचा चालक आपल्या सभेला कधी थांबला नाही, कारण त्याला आपण बोलावलेच नाही. छोट्या मालकाला भांडवलदार समजून दूर ठेवण्याची चूकही आपण केली. गावठाणातील ज्याच्या घरात लढ्याची आठवण आहे, तो आज हप्त्याखाली दबलेला आहे. चालक, मिस्त्री आणि हा मालक यांची भांडणे आपापसांत लागतात, पाट्याच्या पैशावरून, बुडालेल्या खेपेवरून. आणि ज्याने बावीस टन भरले तो त्या भांडणात कोठेच नसतो. या तिघांना एका बाकावर बसवणे हे संघटनेचे पहिले काम. प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या जागांची आणि तेथील अपघातांची साधी नोंदवही ठेवली, तरी मागण्यांना पुराव्याचे बळ येईल.

संध्याकाळी गाडी घोडीवरून खाली आली. मिस्त्रीने नवे यू-बोल्ट चाकांवर भार आल्यानंतर पुन्हा एकदा आवळले आणि चालकाला बजावले की, एक भरली खेप झाली की परत ये, पाटे बसतात, बोल्ट सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात. नाही आवळले तर नवा पाटाही मधोमध जाईल. जादा पाटा त्याने चढवला नाही. चालकाने मान हलवली, पण परत येण्याचे वचन दिले नाही. रात्रीच भरायला जायचे होते, आणि तेथून सोलापूर. तेवढ्यापुरते पुन्हा तळवलीला येण्यासाठी भाड्यात अर्धा दिवस धरलेला नव्हता.

साक्षीच्या कागदावर मिस्त्रीने काळ्या अंगठ्याजवळ सही केली. तो अर्धा दिवस चालकाला मिळाला पाहिजे, दुसरी घोडी मिस्त्रीला मिळाली पाहिजे, आणि त्या मुलाला बोटांची भरपाई मिळाली पाहिजे. त्याचे बिल ज्याचा माल त्याच्याकडे गेले पाहिजे, आणि ते तेथवर पोचवण्याचे काम आपले आहे.